डिजिटल कीबोर्डवर पियानोची थरथर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये हार्मोनियम आणि कीबोर्डच्या दुरुस्तीचे काम करता करता गेली काही वर्षे मी हौशी वादकांच्या डिजिटल वाद्यांना कंपकही, म्हणजे पट्ट्यांत खऱ्या पियानोसारखी थरथर आणणारे छोटे यंत्रही, बसवून देतो. त्या निमित्ताने जे प्रश्न फोनवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पियानोच्या पट्टीत खरंच कंपन असतं का, की हा मनाचा खेळ आहे?

असते, आणि ते मोजताही येते. पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. हातोडी तारेवर आदळली की तारेचे कंपन घोडीवाटे स्प्रूस लाकडाच्या पातळ फळीला, म्हणजे साउंडबोर्डला, मिळते आणि तेथून चौकट, पट्ट्यांखालचा लाकडी तळ आणि स्वतः पट्टी असा प्रवास करत ते बोटापर्यंत येते. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर भोपळ्यातून जी थरथर वादकाच्या अंगाला जाणवते, तिचीच ही फार सौम्य बहीण समजावी. अँडर्स आस्केनफेल्ट आणि एरिक यान्सन या स्वीडिश संशोधकांनी पियानोसह अनेक तंतुवाद्यांवरील ही कंपने मोजून, ती त्वचेला जाणवण्याइतकी असतात, असे १९९२ मध्ये दाखवून दिले आहे.

२. स्पीकर तर डिजिटल कीबोर्डमध्येही असतात. मग थरथर का येत नाही?

कारण ती येऊ नये अशीच त्याची रचना केलेली असते. कीबोर्डमधले स्पीकर लहान असतात आणि प्लास्टिकची पेटी त्यांच्याबरोबर हलू लागली तर तो दोष मानला जातो, त्यामुळे ठिकठिकाणी फेल्ट, फोम आणि रबर घालून कंपन अडवलेले असते. तुम्हांला बोटाखाली जे जाणवते तो पट्टी तळाला टेकल्याचा धक्का असतो. तो तुमच्याच बोटाचा असतो आणि क्षणात विझतो. फरक अनुभवायचा असेल तर खऱ्या पियानोवर डावीकडची एखादी जाड स्वराची पट्टी दाबून बोट तसेच धरून ठेवावे. आवाज विरत जातो तसतशी पट्टीतली बारीक झिणझिण काही सेकंद विरत जाताना कळते. हीच कृती कीबोर्डवर केली तर कानाला स्वर ऐकू येत राहतो आणि बोटाखाली मात्र काहीच घडत नाही. पियानोवरून कीबोर्डवर आलेला माणूस ‘हात मेल्यासारखा वाटतो’ असे म्हणतो, ते यामुळे.

३. सगळ्या ८८ पट्ट्यांना थरथर हवी का?

नको. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा आणि सर्वांत वरचा सुमारे ४१८६ हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) असतो, पण बोटाच्या त्वचेला यातला थोडाच भाग कळतो. कंपन ओळखणारी पॅचिनियन नावाची सूक्ष्म ग्रहणेंद्रिये २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतात. तेथे एक मायक्रोमीटरहून लहान हालचालही बोटाला समजते. १००० हर्ट्झच्या पुढे मात्र त्वचा जवळजवळ बहिरी होते. मधला सी सुमारे २६१.६ हर्ट्झचा, म्हणजे त्या तीक्ष्ण भागाजवळचाच आहे. शिवाय वरच्या स्वरांच्या तारा आखूड असल्याने पट्टीपर्यंत पोहोचणारी ऊर्जाही कमी असते. म्हणून ४४० हर्ट्झच्या ए स्वराच्या आसपास थरथर विरून जाते आणि त्यापुढे ती निर्माण करण्यात अर्थ नसतो.

येथे एक गोष्ट नेहमी निसटते. सर्वांत खालच्या ए स्वराची मूळ वारंवारता २७.५ हर्ट्झ असली, तरी पियानोच्या आवाजात तो मूळ अंश अगदी दुबळा असतो. बोटाला जे कळते ते ५५, ८२.५, ११० असे त्याचे वरचे अंश असतात. म्हणजे केवळ ३० ते ६० हर्ट्झवर गदागदा हलणारे यंत्र पियानोची नक्कल करू शकत नाही. ते फार तर ट्रॅक्टरची करील.

४. अशी तयार वाद्यं मिळतात का?

मिळतात. यामाहाने २००९ मध्ये ॲव्हँटग्रँड मालिकेतल्या एन-३ या वाद्यात पट्ट्यांना कंपन देणारी यंत्रणा बसवली. कवाई कंपनीच्या सीए मालिकेतील वरच्या काही वाद्यांत पाठीमागे खरीखुरी लाकडी फळी असते आणि तिला विद्युत कंपकाने हलवले जाते. तेथे मुख्य हेतू आवाजाचा असला तरी लाकडाबरोबर पेटीही जिवंत होते. यामाहाच्या ट्रान्सअकूस्टिक प्रकारात हाच विचार उलटा वापरला आहे, म्हणजे खऱ्या पियानोच्या साउंडबोर्डलाच डिजिटल आवाज दिला जातो. ही सारी वाद्ये महाग आणि जड आहेत, आणि हात लावून पाहायची तर नाशिककरांना बहुधा मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. दुकानात गेल्यावर जोरात वाजवून भारावून जाण्याऐवजी खालचे स्वर अगदी हलक्या हाताने वाजवून पाहावेत. हलक्या हाताला थरथर हलकी होते की नाही, यावरून यंत्रणेची प्रत कळते.

५. घरच्या कीबोर्डला बसवायचं तर काय काय लागतं?

कंपक, ॲम्प्लिफायर, जोडणीची वायर आणि थोडा धीर.

कंपक दोन जातींचे मिळतात. पहिला एक्सायटर: स्पीकरचा कागदी शंकू काढून टाकल्यावर चुंबक आणि कॉइल उरावी तसा तो असतो आणि ज्या पृष्ठभागाला चिकटवाल त्या पृष्ठभागालाच शंकूचे काम करायला लावतो. दुसरा बेस शेकर: त्याच्या आत स्प्रिंगवर जड वजन झुलते आणि तो प्रामुख्याने खुर्ची किंवा सोफा हलवण्यासाठी केलेला असतो. बहुतेक लहान शेकर ४० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक हलतात आणि १०० हर्ट्झच्या वर लवकर थकतात. प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे आपल्याला हवा तो भाग त्याच्या वरच आहे, म्हणून एकच वस्तू घ्यायची असेल तर २० ते २५ वॉटचा एक्सायटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲम्प्लिफायरसाठी टीपीए ३११६ चिपचा लहान बोर्ड पुरतो. तो १२ ते २४ व्होल्टवर चालतो, त्यामुळे घरात पडून असलेला १९ व्होल्टचा जुना लॅपटॉप ॲडॅप्टर कामी येतो. आवाज कीबोर्डच्या लाइन आउटमधून, म्हणजे बाहेरच्या ॲम्प्लिफायरसाठी असलेल्या जॅकमधून, घ्यावा. डावी आणि उजवी वायर पिळून थेट एकत्र करू नये. प्रत्येकीत एक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग त्या जोडाव्यात. खटपट नको असेल तर केवळ डावी बाजू घेतली तरी बऱ्यापैकी भागते, कारण बहुतेक वाद्यांत पियानोचा आवाज वादकाच्या जागेवरून मांडलेला असतो आणि खालचे स्वर डावीकडेच जास्त येतात.

शेवटी एक फिल्टर हवा, जो साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या वरचा भाग अडवील. तो नसला तर एक्सायटर स्वतःच वाजू लागतो आणि कीबोर्डच्या पोटात एक भिकार स्पीकर ठेवल्यासारखे वाटते. बोर्ड, जॅक आणि वायर नाशिकच्या एम. जी. रोडवर मिळू शकतात. एक्सायटर बहुतेक वेळा ऑनलाइन मागवावा लागतो.

६. कंपक नेमका कुठे चिकटवायचा?

वाद्य उलटे करून मऊ गादीवर ठेवावे आणि तळावर बोटाच्या पेराने, कलिंगड तपासतो तसे, टिचक्या मारत जावे. जेथे ‘ढब’ असा पोकळ आवाज येतो तेथे पातळ प्लास्टिक आहे आणि तेथे कंपक लावला तर तेवढाच पत्रा फडफडेल. जेथे ‘टक’ असा भरीव आवाज येतो तेथे आत आधार किंवा लोखंडी चौकट आहे. अशी जागा मध्यापासून डावीकडे, साधारण डाव्या एकतृतीयांश भागात, शोधावी. भरीव जागा सापडत नसेल तर ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी आधी बसवावी आणि तिच्यावर कंपक लावावा. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ती मापात कापून मिळते.

कपाटासारख्या उभ्या डिजिटल पियानोत पट्ट्यांखाली लाकडी भुशाची जाड फळी असते आणि तेथे स्क्रू वापरता येतो. पण स्क्रूची लांबी फळीच्या जाडीपेक्षा कमी आहे ना, हे दोनदा मोजावे, कारण त्या फळीच्या वर लगेच सर्किट असू शकते.

चिकटवण्यासाठी उष्णता सहन करणारी चांगल्या प्रतीची फोम टेप आणि जोडीला एक सुरक्षा पट्टा, दोन्ही वापरावे. नाशिकचा उन्हाळा चाळिशीला टेकतो. माझा पहिला कंपक साध्या दुहेरी टेपवर होता; तो मे महिन्याच्या एका दुपारी ताल चालू असताना सुटला आणि वादकाच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. वादक मीच होतो.

७. जोर किती ठेवायचा?

तुम्हांला वाटतो त्याच्या निम्मा. माझ्याकडे ‘मजा येत नाही, काढून टाका’ म्हणून परत आलेल्या बहुतेक वाद्यांत दोष एवढाच होता की जोर दुप्पट-तिप्पट ठेवलेला होता. नवीन खेळण्याचा आनंद पहिल्या आठवड्यात थरथर वाढवायला लावतो आणि दुसऱ्या आठवड्यात हात कंटाळतो.

पद्धत अशी आहे. नेहमीच्या सरावाचा आवाज ठेवून मधल्या सीच्या खालच्या दोन सप्तकांत वाजवावे आणि थरथर निश्चितपणे जाणवेपर्यंत जोर वाढवावा. मग ती आहे की नाही अशी शंका येईपर्यंत तो कमी करावा. त्यानंतर घरातल्या कोणाला तरी, तुम्ही वाजवत असताना, न सांगता ॲम्प्लिफायर बंद करायला सांगावे. त्या क्षणी काहीतरी गेल्यासारखे वाटले तर जोर बरोबर आहे. काहीच कळले नाही तर किंचित वाढवावा, आणि बंद केल्यावर सुटल्यासारखे वाटले तर अजून कमी करावा. एका गृहस्थांच्या घरी ही चाचणी घेताना त्यांच्या आईने बटण बंद केले, तेव्हा ते वाजवता वाजवता थांबून म्हणाले, “आई, पंखा बंद केलास का?” त्यांच्या वाद्याच्या जोराची खूण मी बटणावर त्या जागी कायमची करून दिली.

आघात ठळक करण्यासाठी स्वराच्या सुरुवातीला वेगळा जोर देण्याचा मोह टाळावा. पट्टी तळाला टेकल्याचा धक्का तुमच्या बोटाकडून आधीच येतो. खऱ्या पियानोत हलक्या हाताने वाजवताना हातोडी तारेला आधी लागते आणि पट्टी तळाला नंतर टेकते, तर जोरात वाजवताना हा क्रम उलटू शकतो. हा सारा खेळ काही मिलिसेकंदांचा असतो आणि दोन्ही गोष्टी बोटाला एकत्रच पोहोचतात.

८. एकदोन ठरावीक स्वरांनाच सगळा कीबोर्ड खडखडतो. काय करू?

प्रत्येक वस्तूची स्वतःची एक आवडती वारंवारता असते आणि ती लागली की ती वस्तू बोलू लागते. मोबाइल कंपकाच्या ॲम्प्लिफायरला जोडून त्यावरच्या टोन जनरेटर ॲपमधून ३० ते ३०० हर्ट्झपर्यंतचा आवाज सावकाश सरकवत न्यावा आणि खडखड सुरू होईल तेथे थांबून एकेक भाग हाताने दाबून पाहावा. माझ्या अनुभवात गुन्हेगार बहुधा नोटेशन ठेवायचा स्टँड, सैल स्क्रू किंवा आतली लोंबती वायर असते. फेल्टचा तुकडा पुरतो. काहीच खडखडत नसून एखादा स्वर नुसताच जास्त थरथरत असेल, तर दोष कंपकाच्या स्वतःच्या अनुनादाचा आहे आणि तेवढा भाग इक्वलायझरने (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) कमी करावा लागतो.

९. काही न वाजवताही पट्ट्यांत बारीक गुणगुण जाणवते. कंपक खराब आहे का?

कंपक ठीक असतो; ही घरातल्या विजेची थरथर असते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि पियानोचा सर्वांत खालचा जी ४९ हर्ट्झचा, म्हणजे ही गुणगुण नेमकी आपण फिल्टरमध्ये मुद्दाम उघड्या ठेवलेल्या वारंवारतेच्या भागात पडते. स्पीकरमध्ये कानाला न जाणवणारा हम बोटाला जाणवतो, तो यामुळे. कीबोर्ड, ॲम्प्लिफायर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावावेत, शील्ड असलेली वायर वापरावी आणि मुख्य म्हणजे त्या प्लगला खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या नाशिकातल्या अनेक घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या छिद्रामागे वायरच नसते. तसे असेल तर कंपकाचा विचार बाजूला ठेवून आधी ते काम करून घ्यावे.

१०. मिडीवरून थेट थरथर निर्माण करता येईल का? आणि ब्लूटूथ चालेल?

मिडी, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची पद्धत. तिच्या संदेशात आवाज नसतो. कोणती पट्टी, किती वेगाने दाबली, केव्हा सोडली, पेडल दाबले की नाही अशी माहिती असते आणि वेगाचा आकडा ० ते १२७ असतो. त्यावरून कंपन घडवायचे तर स्वराचे विरणे, पेडलचा परिणाम आणि तारांचा परस्पर अनुनाद हे सर्व पुन्हा तयार करावे लागते. तयार आवाजात ते आधीच असते, म्हणून कंपन आवाजातूनच घ्यावे. लॅपटॉपवर पियानोटेकसारखे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ऑडिओ इंटरफेसच्या (लॅपटॉपला जोडायच्या आवाजाच्या पेटीच्या) दुसऱ्या आउटपुटमधून कंपकाला वाट द्यावी आणि बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा तुकडा, १२८ सॅम्पलच्या आसपास ठेवावा, ४४.१ किलोहर्ट्झवर तो सुमारे २.९ मिलिसेकंदांचा होतो. ब्लूटूथ मात्र नको. सर्वसाधारण ब्लूटूथ ऑडिओत शंभर मिलिसेकंदांहून अधिक उशीर होतो आणि इतक्या उशिरा आलेली थरथर दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताची वाटते.

११. मी रात्री हेडफोन लावून वाजवतो. मग उपयोग आहे का?

सर्वाधिक उपयोग तेव्हाच आहे, कारण एरवी स्पीकरमुळे पेटी थोडी तरी हलते. हेडफोन लावला की तेही संपते. लाइन आउट नसेल तर हेडफोनच्या जॅकला दुहेरी स्प्लिटर लावून एक वाट ॲम्प्लिफायरला द्यावी. यात एक फायदाही आहे: आवाजाचे बटण कमी केले की थरथरही त्याच प्रमाणात उतरते. काही वाद्यांत लाइन आउटची पातळी या बटणाला जुमानत नाही, आणि मग कानात कुजबुज व बोटाखाली भूकंप असा विसंवाद होतो.

१२. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर त्रास होईल का?

होऊ शकतो, आणि तुमच्या हेडफोनमुळे तो तुम्हांला कळणारही नाही. इंदिरानगरच्या एका इमारतीत खालच्या काकूंनी माझ्या विद्यार्थ्याच्या आईला विचारले होते, “तुमच्याकडे रोज रात्री पीठ चाळतं का कुणी?” ते पीठ म्हणजे त्याचे डाव्या हाताचे स्वर होते, स्टँडच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरलेले. उपाय सोपा आहे: कंपन वाद्यात अडवावे, जमिनीकडे जाऊ देऊ नये. स्टँडच्या प्रत्येक पायाखाली जाड रबर आणि त्याखाली ईव्हीए फोमचा तुकडा ठेवावा. वाद्य आणि कंपक यांच्यामध्ये मात्र चिकटवण्याच्या टेपखेरीज मऊ काही ठेवू नये. जोर प्रश्न ७ प्रमाणे बेताचा असेल तर इतके पुरते. पट्ट्या आपटण्याचा ठक-ठक आवाज ही वेगळी तक्रार असते आणि तिच्यासाठीही हाच फोम उपयोगी पडतो.

१३. आमचा जुना वाडा आहे, माडीवर लाकडी तक्तपोशी आहे. तिथेही हेच करायचं?

तेथे उलट विचार करता येतो. लाकडी जमीन स्वतःच साउंडबोर्डसारखी वागते, आणि खाली कोणी राहत नसेल तर स्टँडखाली फोम न ठेवता वाद्य थेट फळ्यांवर उभे करून पाहावे. बैठकीतून आणि पेडलवरच्या पायातूनही थरथर येते, जी खऱ्या पियानोवर येते आणि कीबोर्डवर सहसा कोणी निर्माण करत नाही. पंचवटीतल्या एका माडीवर मी कंपकाचा जोर जवळजवळ शून्यावर आणला होता. उरलेले काम सागवानाने केले. मात्र फळ्या सैल असतील तर खडखड शोधताना अख्खा वाडा तपासावा लागेल.

१४. मुलगी घरी डिजिटलवर सराव करते आणि परीक्षा खऱ्या पियानोवर देते. कंपकाने तिचं वाजवणं सुधारेल का?

तशी अपेक्षा ठेवू नये. कंपन असलेले वाद्य वादकांना अधिक चांगले वाटते, असे प्रयोगांतून दिसले आहे. पण त्यामुळे लय किंवा जोराची अचूकता वाढते, असे दिसलेले नाही. परीक्षेच्या दृष्टीने पट्ट्यांचे वजन, हातोडीची यंत्रणा आणि चांगले पेडल यांचे महत्त्व कितीतरी अधिक आहे. साध्या हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डला कंपक लावण्यासाठी कोणी आले तर मी परत पाठवतो आणि ते पैसे वजनदार पट्ट्यांच्या वाद्यासाठी साठवायला सांगतो.

१५. हार्मोनियमच्या टोनला हे लावता येईल?

येईल, आणि पेटीवाल्यांना ते ओळखीचे वाटते, कारण खर्जाचा सूर धरला की त्याची थरथर पट्टीत आणि भात्यावरच्या डाव्या हातातही येतेच. फक्त पियानोचा स्वर विरतो आणि पेटीचा सूर भाता चालेपर्यंत टिकतो, त्यामुळे कंपकाची कॉइल सतत तापते. जोर पियानोच्या निम्म्यावर आणावा. तंबोऱ्याचा आवाज तासभर लावून ठेवायची सवय असेल तर तो कंपकाकडे जाऊच देऊ नये.

१६. कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी उपयोग होईल का?

होतो, पण मर्यादा समजून घ्यावी. एव्हलिन ग्लेनी या कर्णबधिर तालवाद्यवादिका अंगाने कंपने ग्रहण करून वाजवतात, हे प्रसिद्ध आहे. कीबोर्डवर मात्र प्रश्न ३ मधली त्वचेची मर्यादा लागू होते: खालच्या भागातली लय आणि जोर चांगले कळतात, वरच्या सप्तकांतली सुरावट बोटाला कळत नाही. येथे जोर प्रश्न ७ पेक्षा जास्त ठेवावा लागतो आणि सतत कंपनाने बोटे काही वेळ बधिर होतात, म्हणून दर वीस मिनिटांनी विश्रांती द्यावी.

१७. वॉरंटी जाईल का?

वाद्य उघडले तर जाऊ शकते. बाहेरून चिकटवले तर सहसा प्रश्न येत नाही. तरी वॉरंटी चालू असेपर्यंत स्क्रू मारू नये.

१८. नंतर काढायचा झाला तर डाग न पडता निघतो का?

निघतो. हेअर ड्रायरने टेप कोमट करावी, दात साफ करायचा धागा (फ्लॉस) किंवा माशाच्या गळाची दोरी तिच्यामागून करवतीसारखी पुढे-मागे ओढावी आणि उरलेला चिकटा खोबरेल तेलाने पुसावा. पेट्रोल किंवा थिनर लावू नये. प्लास्टिक पांढरे पडते.